तवानाई गई कां?

आम्ही दोघं, नवरा-बायको, नांदेडला उर्दू शाळेत विज्ञान शिकवतो. पुस्तकाबाहेरचं सांगायची दोघांनाही खोड. 'जेट' म्हटलं की पोरं आधी आभाळाकडे बघतात. मग सांगावं लागतं, विमान नव्हे, कणांचा झोत.

जिनिव्हाजवळ सर्नच्या 27 किलोमीटर घेराच्या यंत्रात नोव्हेंबर 2010 मध्ये शिशाचे मरकज़े एकमेकांवर आदळवले. (अणुकेंद्राला आमच्या पुस्तकात मरकज़ा म्हणतात.) क्षणभर प्रोटॉन-न्यूट्रॉनही वितळतात, क्वार्क आणि ग्लुऑन यांचा दाट, सूर्याच्या गाभ्याहून लाखपट तापलेला रस्सा होतो. त्यात कधी दोन क्वार्क जोरात टकरून उलट दिशांना उडतात. दोन्ही झोत सारखे निघायला हवेत. निघतो एक दमदार, दुसरा थकलेला. या मोठ्या प्रयोगांत मुंबईची टाटा मूलभूत संशोधन संस्था आणि आय.आय.टी. आहेत म्हटल्यावर पोरं सावरून बसतात.

आम्ही चाँदरातीचा इतवारा सांगितला. गर्दीच्या कडेजवळून दोन भाऊ उलट दिशांना पळाले. एक लगेच मोकळ्या रस्त्यावर, दुसऱ्याला अख्खा बाजार चिरत जायचं. पोहोचेपर्यंत दम संपतो.

मागच्या बाकावरून एक मुलगी म्हणाली, "सर, फिर वो तवानाई गई कां?"

आम्ही "उद्या सांगतो" म्हणालो. शिक्षकाचं हे जुनं हत्यार. तो उद्या काही आला नाही.

दहावीला तिला नि तिच्या मैत्रिणीला जवळपास सारखेच गुण. मैत्रीण नांदेडलाच राहिली, उर्दूतून कला शाखा. हिला आम्हीच लातूरला पाठवलं, तिथे मामू होते. अब्बा तयार नव्हते, आम्ही दोन वेळा घरी जाऊन मनवलं. सगळं एकदम इंग्रजीत. मरकज़ा न्यूक्लियस झाला, तवानाई एनर्जी. वर्गात हात वर करायची ती थांबली, आणि बारावीआधीच सायन्स सुटलं. इंग्रजीची तयारी करून न घेता पाठवलं, ही चूक आमची.

परवा लातूरला गेलो. गंजगोलाईजवळच्या त्या घरात गल्लीतली दहा-बारा लेकरं पाटीवर बेरजा करत होती, ती तपासत होती. चहा आला. आम्ही उधारी फेडली. 2011 मध्ये सी.एम.एस. प्रयोगाने हिशेब जुळवून दाखवला: हरवलेली तवानाई नष्ट होत नाही, झोतापासून दूर, रुंद पसरलेल्या असंख्य मंद कणांत सापडते.

ती थोडा वेळ गप्प राहिली. मग विचारलं, "जमा करके फिर से झोत बनता क्या, टीचर?"

"मोजता येतं," आम्ही म्हणालो.

"बस, मोजताच येतं?"

एका लेकराने पाटी पुढे केली. ती तिकडे वळली.