नाव खोडा म्हणणारा अभ्यासक

वर्ध्याजवळचे पवनार. तिथे मौनात असलेल्या विनोबांचे ‘अनुशासन पर्व’ हे दोन शब्द १९७५ मध्ये आणीबाणीच्या प्रचारासाठी देशभर फिरले. लोकशाही मोडायला दर वेळी रणगाडे लागत नाहीत.

पुण्याचे राज्यशास्त्रज्ञ सुहास पळशीकर नेमके हेच न्याहाळत आले. विद्यापीठात अध्यापन, ‘लोकनीती’ या संशोधन उपक्रमाची मतदार-सर्वेक्षणे आणि निवडणुका होत असतानाही लोकशाही बहुसंख्याकवादाकडे कशी झुकते, यावरचे लेखन.

एनसीईआरटीने पाठ्यपुस्तकांतला मजकूर वगळल्यावर, जून २०२३ मध्ये त्यांनी आणि योगेंद्र यादवांनी मुख्य सल्लागार म्हणून छापलेली आपली नावे काढायला सांगितली. लोक नाव छापून यावे म्हणून धडपडतात. हे दोघे खोडा म्हणत होते! पुस्तके सामूहिक आहेत, असे सांगत एनसीईआरटीने नकार दिला.