थांबत थांबत चालणे

वाचकहो, आपल्या घरातील वडीलधाऱ्या माणसाला आपण शेवटचे ‘नको, पडाल’ असे केव्हा म्हणालात, ते क्षणभर आठवून पाहा. मला आठवावे लागत नाही. गेल्या वर्षी मी ते दिवसातून दहा वेळा म्हणत असे आणि आपण फार चांगली सून आहोत, असे मनाशी समजत असे.

आमचे घर धामापूरचे. माझे सासरे, आम्ही सारे त्यांना आबा म्हणतो, अठ्ठ्याहत्तर वर्षांचे आहेत. रोज पहाटे उठून तळ्यावर जायचे, भगवतीच्या देवळात हात जोडायचे आणि काठाकाठाने परत यायचे, हा त्यांचा चाळीस वर्षांचा नेम होता. मागील आषाढात विहिरीच्या शेवाळलेल्या पायरीवरून त्यांचा पाय घसरला. मनगटाचे हाड मोडले. सहा आठवड्यांनी प्लास्टर निघाले, हाड उत्तम जुळले. परंतु आबा ओटीवरून उठले नाहीत. त्यांना पुन्हा पडण्याची भीती होती आणि आम्हांला त्यांच्याहून अधिक. पाण्याचा तांब्या हातात, जेवणाचे ताट पुढ्यात, काठी कोपऱ्यात! अकरा महिने असे गेले. अंगणापर्यंत जायचे म्हटले तरी दोघे जण दोन्ही बाजूंना उभे राहत.

भीतीचे हे चक्र वैद्यकशास्त्राला चांगले परिचित आहे. एकदा पडलेला वृद्ध मनुष्य चालणे कमी करतो. चालणे कमी झाले की मांड्यांचे आणि पोटऱ्यांचे स्नायू झिजतात, तोल सांभाळण्याची सवय जाते. आणि मग पडण्याची शक्यता खरोखरच वाढते. ज्या संकटातून वाचवण्यासाठी आपण माणसाला बसवून ठेवतो, तेच संकट त्या बसण्यातून पोसले जाते. हे मला तेव्हा माहीत नव्हते, असे नाही. माहीत असणे आणि स्वतःच्या घरात दिसणे यांत अंतर असते.

निवृत्त शिक्षिकांच्या आमच्या गटाने पणजीच्या जुन्या वस्तीतून वाटाड्यासह पायी फेरी काढायचे ठरवले, तेव्हा आबांना घरी एकटे कसे ठेवायचे, हा प्रश्न पडला. शेवटी त्यांनाही गाडीत घेतले. ‘‘माका गाडयेतच बसव, मी थयसरच रवतंय,’’ असे त्यांनी आधीच बजावले होते. पहाटे काळोखात निघालो. कुडाळ, बांदा, म्हापसा करीत मांडवीच्या काठी पोचलो, तेव्हा ऊन नुकतेच तापू लागले होते.

फेरीचा आरंभ आदिलशाही राजवाड्याजवळच्या आबे फारियांच्या पुतळ्यापाशी झाला. गाडी अगदी समोर उभी होती, म्हणून आबा काच खाली करून ऐकत होते. आबे फारिया हे १७५६ साली कांदोळी येथे जन्मलेले गोमंतकीय धर्मगुरू. संमोहनाची निद्रा कोण्या चुंबकीय द्रवाने येत नाही, ती ज्याला येते त्याच्याच मनातील अपेक्षेने आणि सूचनेने येते, हे त्यांनी पॅरिसमध्ये व्याख्याने देऊन मांडले. आमच्या वाटाड्याने त्यांच्याविषयीची प्रसिद्ध आख्यायिका सांगितली. पोर्तुगालच्या राणीसमोर प्रवचन करण्यास उभे राहिलेले तरुण फारिया समोरचा थाट पाहून गडबडले, शब्द फुटेना. तेव्हा जवळच असलेले त्यांचे वडील आपल्या भाषेत हळूच पुटपुटले, ‘‘ही सगळी भाजी, कातर रे भाजी.’’ समोर बसलेले सारे लोक म्हणजे नुसती भाजी, खुशाल चिरत जा! भीती गेली आणि प्रवचन उत्तम झाले.

गाडीतून मोठ्याने हसण्याचा आवाज आला. ‘‘ह्यो तर आमचोच माणूस रे!’’ असे म्हणत आबा दार उघडून, काठी टेकत खाली उतरले. ‘नको, पडाल’ हे शब्द माझ्या ओठांवर आले होते. माझ्या मैत्रिणीने माझा हात दाबला आणि मी गप्प राहिले.

मार्गदर्शकासह जुन्या वस्तीतून चालणे आणि व्यायाम म्हणून चालणे यांत मोठा फरक आहे. येथे दर पन्नास पावलांवर थांबावे लागते. कोणी मागे पडत नाही, कारण सारेच थांबलेले असतात. थांबणे ही दुर्बळाची सवलत न राहता सर्वांची रीत होते. चर्चच्या नागमोडी शुभ्र पायऱ्यांपुढे आबा थबकले, तेव्हा वाटाड्या सहज म्हणाला, ‘‘हे चर्च खालूनच पाहायचे असते, आजोबा.’’ आम्ही सर्वांनी ते खालूनच पाहिले.

जवळच गार्सिया द ओर्ता या पोर्तुगीज वैद्याच्या नावाचे उद्यान आहे. तेथील बाकावर आम्ही विसावलो. १५६३ साली गोव्यात छापलेल्या आपल्या संवादरूप ग्रंथात या वैद्याने हिंदुस्थानातील औषधी द्रव्यांचे वर्णन केले. पटकीच्या रोगाचेही वर्णन त्यात आहे. त्याच पटकीने आणि इतर साथींनी पुढे जुने गोवे हे वैभवशाली नगर ओस पाडले. सच्छिद्र जमिनीतून सांडपाणी विहिरींत झिरपे आणि तेच पाणी लोक पीत. १७५९ मध्ये व्हाइसरॉयने आपले निवासस्थान पणजीस हलवले आणि १८४३ मध्ये पणजी रीतसर राजधानी झाली. तत्पूर्वी एक वर्ष, १८४२ मध्ये, येथे वैद्यकीय शाळा स्थापन झाली होती. पाणी बिघडले की राजधान्याही उठून जातात, ही गोष्ट ऐकताना आबांनी मान डोलावली. तळ्याच्या गावचा मनुष्य पाण्याचे मोल वेगळे समजावून घेत नाही.

तेथून आम्ही फोंताइन्यसमध्ये शिरलो. अरुंद गल्ल्या, पिवळ्या-निळ्या-तांबड्या भिंती, नळीच्या कौलांची छपरे, रस्त्याकडे झुकलेले सज्जे. मोझांबिकमध्ये संपत्ती मिळवून परतलेल्या एका गोमंतकीयाने अठराव्या शतकाच्या अखेरीस येथे वस्ती वसवली, असे सांगतात. म्हणून लोक त्याला ‘मोसमीकर’ म्हणत. पावसाळा सरला की घरे नव्याने रंगवावीत, असा पोर्तुगीज काळी दंडक होता. चुना अल्कधर्मी असल्याने ओल्या भिंतींवर बुरशीला सहज थारा मिळत नाही. म्हणजे त्या देखण्या दंडकात आरोग्याचाही लाभ होता. दारांवरील नावांच्या निळ्या-पांढऱ्या फरशांना ‘आझुलेजू’ म्हणतात. हा शब्द मूळ अरबी. उत्तर आफ्रिकेतील मुसलमानी राजवटींबरोबर ती कला इबेरियात गेली आणि तेथून गोव्यात आली. मोरोक्कोतील फेस नगराची जुनी वस्ती १९८१ पासून जागतिक वारसा आहे. तेथील बोळांत आजही मोटार शिरत नाही आणि ओझी गाढवांवरून जातात. अशी जुनी नगरे माणसाच्या पावलांच्या मापाने बांधलेली असतात. सावली, वळण, ओटा, झरा यांचे अंतर चालणाऱ्याच्या दमाने ठरते. आमच्या आबांना तो दिवस सोसला, त्याचे श्रेय त्या मापालाही आहे.

संत सेबास्तियनच्या छोट्या चॅपेलात डोळे उघडे आणि मस्तक ताठ असलेली क्रूसावरील ख्रिस्तमूर्ती आहे. ती एकेकाळी जुन्या गोव्यातील इन्क्विझिशनच्या वाड्यात होती. प्लेगपासून रक्षण व्हावे म्हणून ख्रिस्ती लोक याच संताचा धावा करीत आले आहेत. आबा तेथे बराच वेळ उभे राहिले. आपल्याकडेही देवीच्या साथीत हेच होई, एवढेच ते म्हणाले.

पुढे मळ्यातील झऱ्याकडे जाताना ते अनर्थ होता होता टळले, आणि तो माझ्या चुकीमुळे ओढवला होता. आल्तिन्योच्या टेकडीवर जाणाऱ्या पायऱ्यांशी आबा एकाएकी घामाने भिजले. हात थरथरू लागले. विचारलेल्याचे उत्तर भलतेच येऊ लागले. ऊन लागले असे समजून मी त्यांना पाणी पाजू लागले. वाटाड्याने विचारले, ‘‘यांना मधुमेह आहे का? सकाळी काय खाल्ले?’’ आणि मी जागच्या जागी गार झाले. पहाटेच्या गडबडीत मधुमेहाची गोळी मी आठवणीने दिली होती; न्याहारी मात्र वाटेत करू म्हणून राहून गेली होती. रक्तातील साखर उतरली होती.

शेजारच्या दारातील एका बाईंनी काही न विचारता पेल्यात तीन चमचे साखर विरघळवून आणली. आबा शुद्धीवर होते, गिळू शकत होते, म्हणून ती घोट घोट पाजली. पंधरा मिनिटांत घाम थांबला, डोळ्यांत ओळख आली. त्याच बाईंनी मग पोळी आणि केळे दिले. भानावर येताच आबांचे पहिले वाक्य होते, ‘‘बाय, तू कित्याक रडतंस?’’

वाचकहो, हा भाग नीट लक्षात ठेवावा. मधुमेहाच्या काही गोळ्या आणि इन्सुलिन यांमुळे, जेवण चुकले आणि श्रम वाढले की साखर सत्तरच्या खाली जाऊ शकते. घाम, कंप, धडधड, चिडचिड, गोंधळ ही तिची लक्षणे. मनुष्य शुद्धीवर असेल तर साधारण पंधरा ग्रॅम साखर पाण्यातून द्यावी, पंधरा मिनिटे थांबून साखर तपासावी, आवश्यक वाटल्यास पुन्हा द्यावी आणि नंतर काही खायला घालावे. शुद्ध हरपली असेल तर तोंडात काहीही घालू नये. तातडीने वैद्यकीय मदत घ्यावी.

घरी परतल्यावर आमच्या घरात जे झाले, ते आपल्याकडेही झाले असते. माझे यजमान म्हणाले, ‘‘आता पुरे. यापुढे आबा ओटीवरच बरे.’’ मलाही ते पटले. अपराधी मनाला बंदी घालणे फार सोपे वाटते. दोन दिवस कोणी विषय काढला नाही. तिसऱ्या दिवशी आबाच म्हणाले, ‘‘चूक गोळयेची, नि शिक्षा पायांका?’’

या प्रश्नाला उत्तर नव्हते. आम्ही त्यांना कुडाळला डॉक्टरांकडे नेले. त्यांनी साखर तपासून गोळीचे प्रमाण बदलले, उभे राहताना रक्तदाब उतरतो का ते पाहिले, चष्म्याचा नंबर तपासून घ्यायला सांगितले. भौतिकोपचार करणाऱ्या ताईंनी दोन साधे व्यायाम शिकवले: खुर्चीवरून हात न टेकता उठणे-बसणे आणि कट्ट्याला धरून एका पायावर उभे राहणे. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२० च्या मार्गदर्शनानुसार प्रौढांनी आठवड्याला किमान १५० मिनिटे मध्यम श्रम करावेत आणि पासष्टीपुढील व्यक्तींनी तोल व बळ वाढवणारे व्यायाम आठवड्यातून तीन किंवा अधिक दिवस करावेत. आम्ही विहिरीच्या पायऱ्या खरवडून घेतल्या, न्हाणीघरात धरायला दांडा बसवला. काळजी तीच होती. फक्त तिची दिशा माणसावरून वाटेकडे वळली.

आणि मग एके सकाळी विचारणा झाली, ‘‘तळ्यार जावया?’’

आम्ही पणजीची रीत धरली. पन्नास पावले चालायचे, थांबायचे आणि थांबल्यावर त्या जागेविषयी काहीतरी सांगायचे. सांगणारे अर्थातच आबा. विजयनगरचे मांडलिक नागेश देसाई यांनी १५३० मध्ये दोन डोंगरांमध्ये बांध घालून हे तळे केले; २०२० मध्ये सिंचनाचा जागतिक वारसा म्हणून त्याचा गौरव झाला. एवढे मला ठाऊक होते. परंतु बांधाच्या कोणत्या दगडावर त्यांच्या वडिलांनी त्यांना पोहायला ढकलले, कोणत्या सालच्या पावसात पाणी कुठवर चढले, हे लग्नाला तीस वर्षे होऊनही मी ऐकले नव्हते. ऐकणार कशी? मी त्यांच्याबरोबर कधी चाललेच नव्हते.

आजही ते रोज पूर्ण फेरी करत नाहीत. कधी देवळापर्यंत, कधी अर्ध्या वाटेवरूनच परत. खिशात साखरेची पुडी असते, पायांत घट्ट पट्ट्यांच्या चपला असतात. उताराशी आले की काठी रोवून क्षणभर उभे राहतात. मी हात पुढे करीत नाही. एक पाऊल मागे, आवाजाच्या टप्प्यात राहते. ते स्वतःशीच पुटपुटतात, ‘‘कातर रे भाजी,’’ आणि पाय पुढे टाकतात.