घळई

पुण्याच्या एका शाळेत मी एकतीस वर्षे भूगोल शिकवला. दर वर्षी नदीच्या कार्याचा धडा येई आणि त्या धड्यात घळई येई. मी फळ्यावर दोन उभ्या रेघा ओढी, तळाशी निळ्या खडूने एक नागमोडी रेघ काढी आणि सांगे, "मुलींनो, अमेरिकेतील कोलोरॅडो नदीची घळई हे याचे जगप्रसिद्ध उदाहरण. लिहून घ्या." मुली लिहून घेत आणि परीक्षेत तेच परत लिहीत. मी लाल पेन्सिलीने बरोबरची खूण करी. "बाई, तुम्ही ती पाहिली आहे का?" असे एकतीस वर्षांत एकीनेही विचारले नाही. बरेच झाले. ज्या गोष्टी आपण वर्षानुवर्षे शिकवतो त्यांतल्या किती आपण पाहिलेल्या असतात?

निवृत्त झाल्यावर मुलीने आम्हां दोघांना फिनिक्सला बोलावून घेतले. कायम राहण्याचा परवानाही मिळाला. घर मोठे, माणसे मायेची, नातू गोड. पण मला तेथे करण्यासारखे काही नव्हते. भांडी यंत्र घाशी, कपडे यंत्र धुई, आणि मी स्वयंपाकघरात गेले की "आई, तू बस ना" असे मुलगी म्हणे. जन्मभर ज्या विश्रांतीची वाट पाहिली, ती मिळाल्यावर सहा महिन्यांत नकोशी झाली. अशात कोणीतरी सांगितले की तिकडच्या राष्ट्रीय उद्यानांतून उन्हाळ्यापुरती माणसे घेतात आणि त्यात निवृत्त म्हातारेकोतारेही पुष्कळ असतात. मी अर्ज केला. 2014 सालच्या मे महिन्यात, साठाव्या वर्षी, ग्रँड कॅनियनच्या उत्तर कड्यावरील विश्रामगृहात मला नोकरी लागली. हे नातवाजवळ राहिले. निघताना एवढेच म्हणाले, "गुडघ्यांना विचारलेस का?"

नोकरी होती खोल्या झाडण्याची. कड्यालगत पाइनच्या झाडीत लाकडी ओंडक्यांच्या केबिनी होत्या. त्यांतल्या चादरी बदलायच्या, न्हाणीघर घासायचे, केर काढायचा. काम मला जड गेले नाही. जड गेले ते सांगणे. पुण्यात माझी ब्याऐंशी वर्षांची आई होती. तिला मी पत्रात लिहिले, "उद्यानाच्या कचेरीत काम मिळाले आहे." लिहिताना पेन अडखळले, पण लिहिले. हेडबाईंच्या खुर्चीत बसलेली तिची लेक परक्यांची न्हाणीघरे घासते, हे तिला कसे सांगावे? निदान मी स्वतःची समजूत अशीच घालून घेतली होती. खरे म्हणजे आईला काय वाटेल याची मला फारशी भीती नव्हती. भीती होती ती पत्र शेजारीपाजारी वाचून दाखवले जाईल याची.

त्या कड्यावरून दिसणारे दृश्य मी वर्णन करणार नाही. ते करण्याच्या नादात भल्याभल्यांची भाषा फुगली आहे. एकच गंमत सांगते. विश्रामगृहाच्या सज्जात उभे राहिले की समोर जी शिखरे दिसतात, त्यांतल्या एकाचे नाव ब्रह्मा, दुसऱ्याचे देव, तिसऱ्याचे झोरोआस्टर. आणखी इकडेतिकडे विष्णू आहे, शिव आहे, बुद्ध आहे, मनू आहे. क्लॅरेन्स डटन नावाच्या भूशास्त्रज्ञाने या प्रदेशावरचा आपला ग्रंथ 1882 साली प्रसिद्ध केला. पूर्वेकडच्या देवतांची नावे देण्याची चाल त्याने पाडली आणि पुढच्यांनी ती चालू ठेवली. घळईच्या अगदी तळाशी नदीकाठी जो काळा खडक उघडा पडला आहे, त्याला तर विष्णूचेच नाव आहे. त्याचे वय सुमारे पावणेदोनशे कोटी वर्षे. आमचा सह्याद्री साडेसहा कोटींचा. आजवर तो मला पुराणपुरुष वाटत असे. येथे तो पाळण्यातला ठरला.

चार महिने मी त्या सज्जातून खाली पाहत होते. सप्टेंबर सरत आला, अॅस्पेनची पाने पिवळी पडू लागली आणि माझ्या मनाने घेतले की खाली उतरायचे. एकटीने. यात धाडसापेक्षा हिशेब जास्त होता. साठ वर्षांत एक अख्खा दिवस मी एकटी अशी राहिलेच नव्हते. माहेरी सहा भावंडे, सासरी एकत्र कुटुंब, शाळेत चाळीस चाळीस मुली. सिंहगडावर दर रविवारी जात असे, पण तीही पाचसात जणींच्या घोळक्यात, आणि दही-भाकरीच्या ओढीने. कोणाला उत्तर द्यायचे नाही, कोणासाठी थांबायचे नाही, असा एक दिवस मला पाहिजे होता.

सुट्टीच्या दिवशी पहाटे पावणेपाचला मी उत्तर कैबाब वाटेच्या तोंडाशी उभी होते. तेथली उंची 8,241 फूट. थंडी चांगलीच होती. पाठीवर तीन लिटर पाणी, पाव, दोन उकडलेले बटाटे आणि मुलीने पाठवलेले दाण्याचे लाडू. बेत होता सव्वाआठ मैलांवरच्या रिबन धबधब्यापर्यंत जाऊन परत येण्याचा. म्हणजे साडेचार हजार फूट उतरायचे आणि तितकेच चढायचे. आपल्याकडच्या डोंगराची रीत सरळ असते. आधी घाम गाळा, मग शिखरावर बसून वारा खा, आणि संध्याकाळी पाय आपोआप घरी नेतात. घळईची रीत उलटी. ती आधी तुम्हांला उतारावर फुकट खेळवते आणि दमल्यावर बिल पुढे करते. खाली जाणे तुमच्या मर्जीवर, वर येणे मात्र सक्तीचे, असे तेथले रक्षक प्रत्येकाला बजावतात. मलाही बजावले होते. मी मान डोलावली होती. मुली वर्गात डोलावत तशीच.

सुपाईच्या बोगद्यापाशी उजाडू लागले. तेथून पुढे वाट लाल कड्याच्या पोटातून कोरून काढलेली आहे. एका बाजूला भिंत, दुसऱ्या बाजूला काही नाही. मी भिंतीला हात लावीत चालले होते आणि हाताखालून वर्षे जात होती. वरचा फिकट चुनखडक सत्तावीस कोटी वर्षांचा; त्याच्याखाली वाळवंटातल्या टेकड्या जशाच्या तशा दगड झालेल्या; खाली तांबडा उंच कडा, तोही मुळात राखी चुनखडकच, वरच्या थरांतले लोह पाझरून वरवर रंगलेला. हे सारे मला ठाऊक होते. तीनचार वाक्यांत मी ते शिकवलेही असते. पण पायांनी शिकताना एकेका वाक्याला तासतास लागतो. एक पाऊल म्हणजे हजारो वर्षे असा हिशेब मनात सुरू केला आणि थोड्या वेळाने सोडून दिला. माणसाचे आयुष्य त्यात कोठे बसवावे ते कळेना.

पावणेपाच मैलांवर गर्जणारे झरे लागतात. नाव सार्थ आहे. उभ्या कड्यातून पाणी उसळत बाहेर पडते आणि त्याचा आवाज दरी भरून राहतो. उद्यानाच्या दोन्ही कड्यांना पाणी येथून जाते. मी जागीच थांबले. वर चार महिने ज्या पाण्याने मी न्हाणीघरे धूत होते ते हे पाणी! बादलीतल्या पाण्याचे कूळ आपण कधी विचारत नाही. पुण्यात आमच्याकडे बावीस वर्षे धुणेभांडी करायला ज्या बाई येत, त्यांचे तरी गाव कोणते, हे मी विचारले होते का? विचारले नव्हते. कोपऱ्यात राहिलेला केर मात्र रोज दाखवला होता.

साडेदहाच्या सुमारास धबधब्याशी पोचले. एका खळग्यात, वरून पाण्याची बारीक फीत पडते आणि खाली शेवाळाने मढलेल्या उंच दगडी घुमटावर विखुरते. पाण्यातल्या चुन्याचे थर बसून बसून तो घुमट झाला आहे. झुनी लोकांच्या परंपरेप्रमाणे त्यांचे पूर्वज पृथ्वीच्या पोटातून या ठिकाणी प्रथम उजेडात आले. मी चपापून बूट काढले. तेथे तसा नियम नाही, पण देवळात शिरल्यासारखे वाटले खरे. तुषार अंगावर घेत बसले. भोवती कोणी नव्हते. जे हवे होते ते मिळाले होते. आणि गंमत अशी की पहिल्या पाव तासातच मला ते कोणाला तरी सांगावेसे वाटू लागले.

विष्णूचा खडक आणखी कित्येक मैल खाली होता. तिकडे पाहून लांबूनच नमस्कार केला.

आता चूक सांगते. दुपार सावलीत काढून चारनंतर चढावे, असे शहाणपण सांगते. पण मला अंधाराची धास्ती. अकरालाच निघाले. सप्टेंबर असला तरी तळात ऊन चैत्रातल्यासारखे होते. खडक तापून दोन्ही बाजूंनी भाजत होते. तहान लागे म्हणून पाणी पीत राहिले, भूक नव्हती म्हणून खाल्ले नाही. दीडच्या सुमारास मॅन्झनिटाच्या थांब्याजवळ आले तेव्हा डोके ठणकत होते, मळमळत होते आणि समोरची वाट कधी जवळ येई, कधी दूर जाई. मी एका दगडावर बसले आणि मला स्वच्छ कळले की आपण उठू शकणार नाही. वर जायला साडेपाच मैल होते आणि साडेतीन हजार फुटांहून जास्त चढ. "गुडघ्यांना विचारलेस का?" हे आठवले. गुडघे बिचारे ठीक होते. विचारायला हवे होते ते डोक्याला.

वाटेची डागडुजी करणारी तिघांची टोळी तेथे सावलीला बसली होती. त्यांतली एक मुलगी उठून आली. हातात पहार, तोंड धुळीने माखलेले, वय माझ्या शेवटच्या वर्गातल्या मुलींहून चारसहा वर्षांनी जास्त. तिने विचारले, "काय खाल्लेत?" मी म्हटले, "काही नाही." "पाणी?" "पुष्कळ." तिने मान हलवली, खिशातून खारवलेल्या दाण्यांची पिशवी काढून माझ्या हातात दिली आणि म्हणाली, "घामातून मीठ जाते; नुसते पाणी प्यायल्याने ते आणखी पातळ होते. हळूहळू खा." मग माझी ओढणी तिने ओढ्यात भिजवून आणली आणि माझ्या डोक्यावर टाकली. इतक्या सहजपणे, की मी तिची कोणी लागत असावे.

थोडे बरे वाटल्यावर तिने विचारले, "तुम्ही प्रवासी का?"

उत्तर तयार होते. मी निवृत्त शिक्षिका आहे, भूगोल शिकवत होते. यातले एक अक्षरही खोटे नव्हते. पण तिच्या हातांना पहार धरून पडलेले घट्टे दिसत होते. मी म्हटले, "नाही. मी वर खोल्या झाडते."

"अरे, मग तुम्ही आमच्यातल्याच की!" ती म्हणाली आणि मागे वळून तिने सोबत्यांना हाक मारली, "ही बाई वरच्या केबिनींत काम करते!" त्या दोघांनी हात वर केले. एकाने विचारले, गाद्या अजून तशाच जड आहेत का. मी म्हटले, तशाच.

एवढेच झाले. चार महिने जी गोष्ट मी आईपासून लपवली ती बोलायला चार शब्द पुरले होते, आणि दरी कोसळली नव्हती.

चार वाजेपर्यंत त्यांनी मला उठू दिले नाही. मग मी चढू लागले. शंभर पावले चालावे, थांबावे, चार दाणे खावेत, पुन्हा शंभर. सकाळी हाताखालून गेलेली वर्षे आता एकेक करून परत मोजून घ्यावी लागत होती. लाल कड्याशी ऊन गेले, बोगद्याशी अंधार झाला. ज्या अंधाराला भिऊन मी दुपारी पळाले होते तो आला, आणि त्यात गार वाऱ्याखेरीज काही नव्हते. रात्री नऊ वाजता वर पोचले. सोबतीची एक कामकरीण मोटार घेऊन वाट पाहत उभी होती. ती रागावली, अगदी आपल्याकडची माणसे रागावतात तशी. दुसऱ्या दिवशी माझ्या वाटणीच्या दोन खोल्या तिनेच झाडल्या.

त्या आठवड्यात आईला पत्र लिहिले. सगळे लिहिले. काम काय करते तेही. शेवटी लिहिले की आपल्याकडे ज्या बाई येत असत, त्या कोणत्या गावच्या ते विचारून ठेव. उत्तर यायला महिना लागला. आईचे अक्षर थरथरते, पण मजकूर तिच्यासारखाच ठाम. "त्या भोरकडच्या. मला ठाऊक होते, तू कधी विचारले नाहीस. पत्र सर्वांना वाचून दाखवले. खोल्या झाडतेस तर कोपरे नीट काढत जा."

आई 2019 साली गेली. जुलै 2025 मध्ये विजेने लागलेला वणवा त्या कड्यावर पोचला आणि विश्रामगृह जळाले. ते पूर्वी एकदा 1932 साली जळून 1937 साली पुन्हा बांधले गेले होते. मुलीने बातमी दाखवली, वरून घेतलेली चित्रे दाखवली. केबिनींच्या जागी राखेचे चौकोन होते. मी माझ्या रांगेतल्या केबिनी बोटाने शोधू लागले. मुलगी म्हणाली, "आई, आता त्यात काय शोधतेस?"

मी म्हटले, "कोपरे."