न थांबणारं स्टेशन

मुलांनो, गाडी येते, फलाट दिसतो, पण गाडी काही थांबत नाही! असं एखाद्या दिवशी नव्हे, तब्बल २८ वर्षं चालू राहिलं तर?

जर्मनीची राजधानी बर्लिन. तिच्या मधोमध असलेल्या भागाचं नावच 'मिटे', म्हणजे मध्य. तिथं रोझेनथालर प्लाट्झ हे भुयारी रेल्वेचं स्टेशन आहे. १९३० साली ते सुरू झालं. जिना उतरून खाली गेलात, की भिंतींवरच्या नारिंगी फरशा तुमचं स्वागत करतात.

दुसऱ्या महायुद्धानंतर या शहराचे पूर्व आणि पश्चिम असे दोन भाग झाले. पूर्वेकडची लाखो माणसं पश्चिमेला निघून जाऊ लागली. त्यांना अडवण्यासाठी पूर्व जर्मनीच्या सरकारनं १३ ऑगस्ट १९६१ रोजी सीमा बंद केली. मग भिंत उभी राहिली.

पण जमिनीखालच्या बोगद्याचं काय? गंमत अशी, की इथली गाडी पश्चिम बर्लिनमधून निघायची, पूर्व बर्लिनच्या पोटातून जायची आणि पुन्हा पश्चिम बर्लिनमध्येच पोचायची. त्यामुळे या मार्गावरची मधली सहा स्टेशनं बंद करण्यात आली. रोझेनथालर प्लाट्झ त्यांपैकीच एक. वरचे दरवाजे बुजवले गेले. गाडी तिथून हळूहळू पुढे सरके. खिडकीतून प्रवाशांना दिसे तो अंधुक उजेड, रिकामा फलाट आणि पहाऱ्यावरचे शिपाई. लोक अशा स्टेशनांना 'भुतांची स्टेशनं' म्हणू लागले.

पूर्व बर्लिनच्या नकाशांतून तर ही स्टेशनं गायबच झाली! पण नकाशातून पुसलं, म्हणून आवाज थोडाच पुसला जातो? रस्त्यावरच्या झरोक्यांतून खालच्या गाडीची धडधड वर ऐकू यायचीच. एखाद्याची सख्खी बहीण पलीकडे राहत असली, तरी त्या गाडीत त्याला बसता येत नसे.

९ नोव्हेंबर १९८९ रोजी सीमा खुली झाली. २२ डिसेंबरला रोझेनथालर प्लाट्झवर गाडी पुन्हा थांबली. सुरुवातीला तिथं कागदपत्रं तपासत. १ जुलै १९९० पासून तेही बंद झालं.

बर्लिनला कधी गेलात, तर जवळच्या नॉर्डबानहोफ स्टेशनातलं या बंद स्टेशनांचं प्रदर्शन नक्की पाहा. आणि मग रोझेनथालर प्लाट्झवर उतरा. गाडी थांबेल, दार उघडेल. इतकी साधी गोष्ट. पण तिच्यासाठी एका शहरानं २८ वर्षं वाट पाहिली!