‘हलवू नये’

‘गार्बेज कलेक्टर न लागणारी मेमरी मोकळी करतो’ हे व्हायवातलं पाठ उत्तर. पण हा गडी नुसता कचरा उचलत नाही. उरलेल्या वस्तू सरकवून एका बाजूला लावतो आणि सगळीकडे नवे पत्ते लिहितो. सुट्टीत उरलेल्या पोरांना एकाच मजल्यावर हलवणारे रेक्टर आठवा.

अडचण येते बाहेरच्या माणसाची. आमच्या फायनल इयर प्रोजेक्टमध्ये कॅमेऱ्याची लायब्ररी सी मधली, बाकी सगळं सी शार्पमध्ये. सी ला आपण अॅरेचा पत्ता देतो. मध्येच कलेक्टरने अॅरे सरकवला, तर सी बिचारी जुन्या पत्त्यावरच लिहीत बसणार, आणि तिथे आता दुसऱ्याचं सामान! प्रोग्राम लगेच पडला तर नशीब. दोन तासांनी भलतीकडेच पडला तर गेली रात्र. म्हणून अॅरे ‘पिन’ करायचा, म्हणजे जागेवर खिळवायचा.

पण खिळवलाय हे कलेक्टरला कळतं कसं? डॉटनेटमध्ये ‘फिक्स्ड’ लिहिलं की कुठल्याही यादीत नाव जात नाही. कंपायलर त्या लोकल व्हेरिएबलवर खूण करतो, जिट ती आपल्या तक्त्यात उतरवतो. कलेक्टर थ्रेड थांबवून स्टॅक चाळतो तेव्हा त्याला ती सापडते. तेवढ्या वेळात कलेक्शन झालंच नाही, तर खर्च जवळजवळ शून्य. मला हे फार आवडलं.

दुसरा मार्ग ‘जीसी हँडल’चा. इथे मात्र खरोखर तक्त्यात नोंद होते, आणि ‘फ्री’ म्हणेपर्यंत राहते. कुणी म्हणालंच नाही तर कायमची! अशा वस्तू हलत नाहीत, त्यांच्या मधल्या फटी तशाच राहतात. एवढीशी वस्तू, पण आजूबाजूची जागा अडते.

जावाची तऱ्हा निराळी. तिथला जी-वन कलेक्टर पूर्वी, नेटिव्ह कोडच्या हातात असा अॅरे असेपर्यंत, कलेक्शनच थांबवून धरायचा. एकासाठी सगळी मेस बंद! २०२४ च्या जेडीके २२ पासून प्रत्येक रीजनवर फक्त एक आकडा असतो: इथे किती वस्तू धरून ठेवल्यात. आकडा शून्य नसेल तर तो रीजन रिकामा करायचा नाही. नेमकी कुठली वस्तू, याची चौकशीच नाही. खोलीत कोण झोपलंय ते वॉचमनला कशाला हवं, आत कुणीतरी आहे एवढं पुरे.

डॉटनेट ५ ने २०२० मध्ये खिळवलेल्या वस्तूंसाठी वेगळा हीपच दिला. तिथे कुणी सरकवायला येतच नाही. आम्ही सुरुवातीलाच चार बफर त्यात घेतले आणि तेच आलटूनपालटून वापरले. रात्रभर प्रोग्राम चालू ठेवून मेमरी पाहिली, आकडा सपाट.

परीक्षेत यावर प्रश्न येईल म्हणून मी कागदावर आकृत्यासुद्धा काढून नेल्या होत्या. बाहेरून आलेल्या सरांनी विचारलं, “स्क्रीनचा रंग निळा का ठेवला?”