तालमीचा जमाखर्च

रत्नागिरीस नाटकाचे वेड लागलेला मनुष्य ओळखणे मुळीच कठीण नाही. दिवाळी उलटली की त्याचे डोळे जागरणाने तारवटतात, साधी खुशाली विचारली तरी तो भारदस्त आवाजात उत्तर देतो, आणि वर्षभराची रजा आप्तेष्टांच्या लग्नमुंजींत न दवडता त्याने प्रयोगाच्या आठवड्यासाठी कंजूषपणाने राखून ठेवलेली असते. १९५४ साली सुरू झालेल्या राज्य नाट्यस्पर्धेने अशा माणसांच्या दोन-तीन पिढ्या आमच्या गावात पोसल्या. ‘पोसल्या’ हा शब्द अर्थात मनापुरताच घ्यावयाचा. पोटासाठी प्रत्येकाला कचेरी, शाळा, दुकान किंवा आंब्याची बाग यांपैकी काहीतरी जवळ करावेच लागले.

अशा दोघांशी माझा निकटचा स्नेह आहे. मी स्वतः रंगभूमीवर कधी पाऊल टाकलेले नाही. महाविद्यालयात इंग्रजी नाटके शिकवण्यात माझी जवळजवळ तीस वर्षे गेली. परंतु नाटक शिकवणे आणि नाटक करणे यांत पोहण्यावरील व्याख्यान आणि भाट्याच्या खाडीची ओढ यांच्याइतके अंतर आहे, हे मी जाणून आहे. त्यामुळे संध्याकाळी मांडवीच्या धक्क्यावर आमची बैठक जमली म्हणजे मी बहुधा श्रोत्याचेच काम करतो. बोलणारे दोघे. एक जिल्हा कचेरीतून निवृत्त झालेले गृहस्थ, ज्यांना सारे गाव काका म्हणते. दुसरा माझा जुना विद्यार्थी, जो एका बँकेत कारकून आहे आणि गेली पंधरा वर्षे दरसाल एक नाटक बसवीत आला आहे.

गेल्या पावसाळ्यात या बैठकीपुढे एक अवघड प्रश्न येऊन पडला. विद्यार्थ्याला बढती देऊ केली होती आणि तिच्याबरोबर विदर्भात बदली होती. बढती घ्यावी, तर एवढ्या कष्टाने जमवलेला नटसंच मोडणार. नाकारावी, तर निवृत्तीपर्यंत कारकुनाची खुर्ची सुटणार नाही. त्याच्या मनात तर तिसराच विचार घोळत होता. “सर,” तो म्हणाला, “नोकरीच सोडून मुंबई गाठली तर? हे असं अर्धंमुर्धं जगण्यापेक्षा एकदाचं नाटकाचं होऊन जावं, असं वाटतं.”

काकांना हे शब्द अमृतासारखे वाटले. नाटक कंपन्यांचा काळ त्यांनी पाहिलेला नाही. पण वडिलांच्या तोंडून तो इतका ऐकला आहे, की त्यातली अत्तरे त्यांना अजून दरवळत असल्यासारखी वाटतात. सर्वस्व वाहिल्याखेरीज कला प्रसन्न होत नाही, हे त्यांचे आवडते प्रमेय. आणि त्याला दाखला ठरलेला. १९११ साली मुंबईत ‘मानापमाना’चा पहिला प्रयोग व्हायचा होता, त्याच दिवशी बालगंधर्वांची तान्ही मुलगी वारली, तरी प्रयोग झाला आणि ते भामिनी होऊन उभे राहिले. ही गोष्ट सांगताना काका नकळत हात जोडतात.

मला त्या वैभवाबरोबर त्याच्या खतावण्याही आठवतात. १९१३ साली निघालेल्या गंधर्व नाटक मंडळीला प्रेक्षकांची वाण कधीच नव्हती, तरी तिच्या मालकाच्या डोक्यावर कर्जाचा डोंगर चढला. आमच्या गावाशी जडलेली गोष्ट घ्या. रत्नागिरीत स्थानबद्ध असताना सावरकरांनी लिहिलेले ‘संन्यस्त खड्ग’ मास्टर दीनानाथांच्या बलवंत संगीत मंडळीने १९३१ साली रंगभूमीवर आणले. त्याच वर्षी ‘आलम आरा’ हा पहिला बोलपट मुंबईत झळकला. तीन-चार वर्षांतच दीनानाथ बोलपटाकडे वळले होते, आणि १९३५ साली खुद्द बालगंधर्वही ‘धर्मात्मा’त पडद्यावर दिसले. गळे होते, रसिक होते, निष्ठा होती. पण ज्यांचे सारे पोट नाटकावर होते, त्यांना बदललेल्या वाऱ्यात निवारा नव्हता.

उलट चिपळूणला जन्मलेले मामा वरेरकर पहा. टपालखात्यात वर्षानुवर्षे नोकरी करीत त्यांनी नाटके लिहिली, आणि त्यांचे ‘कुंजविहारी’ १९०८ साली रंगभूमीवर आले ते ते टपालखात्यात असतानाच. साहेबाच्या देशातही हीच कथा आहे. टी. एस. एलियट १९१७ ते १९२५ पर्यंत लंडनमधील लॉइड्स बँकेत हिशेब पाहत होता, आणि ज्या काव्याने इंग्रजी कवितेचे वळण बदलले ते ‘द वेस्ट लँड’ १९२२ मध्ये, म्हणजे बँकेच्या नोकरीतच, प्रसिद्ध झाले. त्याला त्या चाकरीतून सोडवावे म्हणून मित्रांनी वर्गणीचा घाट घातला होता. तो काही तडीस गेला नाही. माझ्या विद्यार्थ्याला हा दाखला विशेष आवडला, कारण बँक हा शब्द कवितेच्या इतक्या जवळ आलेला त्याने पूर्वी ऐकला नव्हता.

परंतु एवढ्या लांब तरी कशाला जावयाचे? सिंधुदुर्ग जिल्हा १९८१ साली वेगळा होईपर्यंत आमच्याच जिल्ह्यात असलेल्या मुलखात दशावतार पिढ्यान्‌पिढ्या चालत आला आहे. भात घरात आले की गावोगावच्या देवळांच्या जत्रा सुरू होतात. मग दशावतारी पेटारा उचलतो, आपला चेहरा आपणच रंगवतो, आणि लिखित संहितेवाचून रात्रभर राजे-राक्षस बोलते करतो. पाऊस आला की पुन्हा शेत. इकडे रत्नागिरीच्या अंगाला नमन-खेळे आहेत. शिमग्यात पालखीबरोबर गण, गौळण आणि संकासुर अंगणात येतात. मुंबईला गेलेला चाकरमानी त्यासाठी रजा काढून गाव गाठतो. खेळे करावे की न करावे, असा प्रश्न तिथे कोणी कोणाला विचारीत नाही. शिमगा आला म्हणजे मृदंग वाजायचाच. कलेला वर्षात ठरलेली जागा असली आणि तिची वाट पाहणारा गाव असला, म्हणजे ती थोडक्यात भागवते, असे माझे मत मी त्या संध्याकाळी मांडले. आणि बोलणे तिथेच संपले असते.

पण पुढे गणपतीत विद्यार्थ्याने आम्हा दोघांना जेवावयास बोलावले. मोदक झाले, आरती झाली, आणि ओघाने तीच चर्चा पुन्हा निघाली. काकांनी १९११ सालची गोष्ट सांगितली, मी दशावताराची. वाढता वाढता विद्यार्थ्याची पत्नी थांबली.

“काका, त्या रात्री त्या मुलीची आई कुठं होती?” तिने विचारले.

काकांना उत्तर सुचले नाही.

“आणि सर, तुमचा दशावतारी जत्रांना जातो, तेव्हा त्याच्या गुरांना पाणी कोण दाखवतं? तुमच्या दोघांच्याही गोष्टींत ती बाई कुठे आलीच नाही.”

तिच्या स्वरात राग नव्हता, म्हणूनच ते शब्द अधिक लागले. मग हळूहळू कळले, की लग्नापूर्वी ती गाणे शिकत होती. रियाज संध्याकाळचा, आणि तालीमही संध्याकाळची. दोघांनी एकदम घराबाहेर राहावयाचे तर लहान मुलांचे काय, म्हणून पेटी माळ्यावर गेली ती बारा वर्षे तिथेच राहिली. नवऱ्याने नाटक सोडावे असे तिचे म्हणणे नव्हते. त्याची नाटके तिला आवडत. त्यांतली गाणी बसवताना चुकलेला सूर तिनेच अनेकदा दाखवला होता. तिला एवढेच हवे होते, की या घरातून नाटकासाठी काय जाते ते एकदा कुठेतरी लिहिले जावे.

आणि ते लिहिले गेले. पुढल्या रविवारी दोघांनी वही घेतली. बढती नाकारल्यास निवृत्तीपर्यंत किती रुपये कमी येतील. मुंबईस गेल्यास बिऱ्हाडाचे भाडे किती आणि ते कशातून भागेल. मुलांची शाळा, सासूबाईंचे औषध. आणि शेवटी, पैशात न मांडता येणाऱ्या बाजूला, संध्याकाळी कोणाच्या किती. मामा वरेरकरांनी आपल्या आठवणींना ‘माझा नाटकी संसार’ असे नाव दिले आहे. ते नाव मी पुष्कळदा वाचले होते. पण त्यातील ‘संसार’ या शब्दाला केवढे वजन आहे, ते मला त्या वहीने दाखवले.

निर्णय असा झाला, की बढती नाकारावी, मुंबईचा विचार सोडावा, आणि तालीम आठवड्यातून चारच दिवस ठेवावी. मंगळवार आणि शुक्रवार तिच्या गाण्याचे. त्या संध्याकाळी घर त्याने पहावयाचे.

काकांना ही व्यवस्था पसंत नाही. वहीत मांडलेली कला उंच उडत नाही, असे ते अजूनही धक्क्यावर बजावतात. आणि त्यांचे म्हणणे अगदीच निराधार आहे असे मला म्हणता येत नाही. चार दिवसांच्या तालमीत नाटक उभे राहत नाही, असे सांगून दोन चांगले नट यंदा दुसऱ्या संचात गेले. प्रयोगात ती उणीव दिसली, आणि परीक्षकांनाही ती दिसली असावी. वेडात जे तेज असते, ते मोजून वाटले की काही अंशी कमी होते. त्याची किंमत त्या घराने समजून-उमजून दिली. तथापि, ज्या वेडाचे बिल नेहमी दुसऱ्याच्याच नावावर फाडले जाते, ते एका पिढीपलीकडे कसे टिकावे, हे मला उमगत नाही.

परवा शुक्रवारी काही कामानिमित्त मी त्यांच्या घरी गेलो. ओटीवर पेटी उघडलेली होती आणि ती यमन आळवीत होती. स्वर अजून पुरता स्थिरावलेला नव्हता. बारा वर्षांचा गंज एका पावसाळ्यात निघत नाही. आत विद्यार्थी भाजी चिरीत बसला होता. पुढल्या नाटकाची संहिता पाटावर उघडी होती आणि तिच्यावर वाऱ्याने उडू नये म्हणून एक नारळ ठेवलेला होता. मला पाहताच तो म्हणाला, “सर, बसा. दुसऱ्या अंकात एक गाणं घालावं म्हणतो. कोण गाणार, ते मात्र अजून तिला विचारलेलं नाही.”