फुगडीचा गोल

खळ्यातल्या फुगडीत कोणीच पुढे नसतं. भाद्रपदातल्या रात्री आमच्या मालवणच्या वाड्यांमधून बायका फेर धरतात, तेव्हा प्रत्येकीचं तोंड समोरच्या दुसरीकडे असतं. बघणारे ओटीवर, पायरीवर, माडाच्या बुंध्याला टेकून, जागा मिळेल तिथे उभे. आधी गणपतीचं गाणं आणि संथ पावलं, मग जोड्या सुटतात, बैठी फुगडी होते, कोंबडा होतो आणि शेवटी हातांची तिढी घालून गरगर फिरणं. वाद्य लागत नाही. ताल पायांचा आणि तोंडातून सुटणाऱ्या फू-फूचा. पाठमोरी बाई आणि सामोरी बाई असा भेद तिथे संभवतच नाही, कारण दर चार पावलांनी दोघींची अदलाबदल होते.

रंगमंचाला मात्र एकच बाजू उघडी असते. गेल्या काही वर्षांत सार्वजनिक गणपती, महोत्सव आणि स्पर्धा यांनी फुगडी खळ्यातून उचलून फळ्यांवर आणली. वाडीतल्या बायकांची, बचत गटातल्या मैत्रिणींची मंडळं झाली. एका रंगाच्या नऊवारी, नथी, गजरे, रात्री उशिरापर्यंत तालमी. अशी एक तालीम मी जवळून पाहिली आहे. देवळाच्या सभामंडपात शिकवणाऱ्या काकींनी खडूने लादीवर अर्धवर्तुळ आखलं. परीक्षकांना पाठ दिसता नये, म्हणून. मग उंच मुली मागे गेल्या, ठसक्यात नाचणारी मधोमध आली आणि जिचा गळा सगळ्यांत चांगला, तिला माइकपाशी उभं केलं. ती गात राहिली. तिचे पाय मात्र थांबले. लहानपणापासून जी फेरात नाचत गायली, ती आता नाचणाऱ्यांसाठी गाणारी झाली. तिने तक्रार केली नाही, पण तिचा उजवा पाय जागच्या जागी ठेका धरत होता.

प्रसिद्धीचा ताण मला तिथे, त्या खडूच्या रेघेवर दिसतो. पुढे घडतं ते सगळ्यांच्या ओळखीचं. मोबाइलवर व्हिडिओ फिरतो, लोक विचारतात, ‘ती मधली हिरव्या साडीतली कुठली गे?’ कुडाळहून, कणकवलीहून बोलावणी येतात, गोव्यातून, मुंबईतून येतात, आणि बोलावणारा हळूच बजावतो, तिला नक्की आणा. बाकीच्या अकराजणी हे ऐकतात. पूर्वी यजमानाने दिलेला नारळ आणि चहा-लाडू सगळ्यांचा असायचा. आता मानधन आलं, टेम्पोचं भाडं आलं, साड्यांची उधारी आली आणि वाटणीचा प्रश्न आला. मग एखाद्या वर्षी मंडळ मोडतं, आणि गाव मान हलवून म्हणतं, बायकांचं काय, त्यांचं पटूचाच नाय.

हे वाक्य मला सहन होत नाही. याच जिल्ह्यात पार्सेकर, आरोलकर, मोचेमाडकर अशी पुरुषांची दशावतारी मंडळं पिढ्यान्‌पिढ्या चालत आली. तिथे काय रुसवे-फुगवे नाहीत? नट एका कंपनीतून दुसरीत जातात, भूमिकेवरून वाद होतात. त्याला कुणी पुरुषांचा स्वभाव म्हणत नाही; धंद्यात असं चालायचंच म्हणतात. ओमप्रकाश चव्हाणांसारख्या कलावंताने रंगवलेल्या स्त्रिया पाहताना मीही देहभान विसरते. पण त्या दिमाखामागे एक सोय आहे: कार्तिकात जत्रा सुरू झाल्या की नट गावोगाव रात्री जागवू शकतो, त्याच्या घरची चूल कोण पेटवतं हे त्याला कुणी विचारत नाही.

बायकांच्या मंडळीतून कुणी बाहेर पडण्याची गोष्ट तशी जुनीच. गायिका मोगूबाई कुर्डीकर आपल्या शेजारच्या गोव्यातल्या. 1904 चा जन्म, गाव कुर्डी, जे पुढे साळावली धरणाच्या पाण्याखाली गेलं. आई लवकर गेली. कोवळ्या वयात त्या सातारकर स्त्री संगीत मंडळीत होत्या. तिथे सगळ्या बायकाच, पुरुषांच्या भूमिकाही बायकांच्याच. गडकऱ्यांच्या ‘पुण्यप्रभाव’मधली त्यांची किंकिणी गाजली. आणि मग खटके उडून मंडळीतून बाहेर पडणं नशिबी आलं. सांगलीत गवई अल्लादिया खाँसाहेबांनी त्यांचं गाणं ऐकलं आणि पुढचा इतिहास सगळ्यांना ठाऊक आहे. आपण तो सांगताना म्हणतो, बरं झालं बाहेर पडल्या. मला त्या मंडळीत मागे राहिलेल्यांबद्दलही वाईट वाटतं. त्यांच्यातल्या किती जणींची नावं आपण सांगू शकतो?

अलीकडच्या गटांचंही तेच. आपल्याकडे 2002 साली चॅनल व्हीने ‘पॉपस्टार्स’ या कार्यक्रमातून पाच मुली निवडून ‘व्हिवा’ हा गायिकांचा गट उभा केला. कार्यक्रमाचा साचा न्यूझीलंडचा. एकमेकींना धड ओळखतही नसलेल्या मुली एकाएकी घराघरांत पोचल्या. एक बाहेर पडली, चौघींनी आणखी एक अल्बम केला, काही वर्षांत सगळं संपलं. नेहा भसीन आणि अनुष्का मनचंदा पुढे पार्श्वगायनात नाव काढून आहेत. श्रीनगरच्या ‘प्रगाश’ या बँडच्या तिघी शाळकरी मुलींना तर एवढाही अवधी मिळाला नाही. डिसेंबर 2012 मध्ये त्या स्पर्धेत वाजवून गेल्या आणि फेब्रुवारी 2013 मध्ये धमक्या आणि फतव्याच्या दडपणाखाली त्यांना वाद्यं खाली ठेवावी लागली. त्यांचं मोडणं आपापसातल्या भांडणाने नव्हतं.

आमच्याकडे फतवा निघत नाही. आमच्याकडे लग्न ठरतं. ‘लग्न झाला काय मंडळ सुटलाच,’ असं त्या तालमीत एक मुलगी इतक्या सहज बोलली की बाकीच्यांनी मान वर करून पाहिलंही नाही. स्पर्धांचा हंगाम गणपतीतला. त्याच दिवसांत चाकरमानी घरी, पंगतीवर पंगती, आणि नव्या सुनेला गौरीच्या ओवशाचा विधी सासरीच करायचा. म्हणजे जिचे पाय सगळ्यांत तयार, तीच नेमकी त्या रात्री फेरात नसते. तिच्या जागी दुसरी उभी करायची, तिला चाली शिकवायच्या, पुढच्या वर्षी तिचंही लग्न. अशा मंडळात वर्षानुवर्षांचा सराव साचणार कसा, आणि साचला नाही तर सगळा भार एकीच्या चेहऱ्यावर पडणार नाही तर काय होणार?

त्या काकींनी यावर आपल्या परीने उपाय काढला आहे. माइक त्या आता एकीच्या पुढ्यात ठेवत नाहीत, बांबूला बांधून डोक्यावर टांगतात, म्हणजे गाणारीला नाचता येतं. बक्षिसाचे पैसे सारखे वाटतात आणि तान्हं मूल असल्यामुळे त्या वर्षी न आलेल्या बाईचाही वाटा काढतात. लग्न होऊन देवगडकडे गेलेल्या मुलीसाठी तिच्या सासूशी त्या स्वतः बोलायला गेल्या होत्या. सासू आधी नाही म्हणाली, मग म्हणाली, ‘ओवसो झाल्यावर ने, पण सकाळी आणून सोड.’ अर्धवर्तुळ मात्र त्यांना पुसता आलेलं नाही. गोल केला की गुण जातात. परीक्षकांनी एकदा खुर्च्या उचलून चारी बाजूंनी बसावं, असा अर्ज त्यांनी आयोजकांकडे दिला आहे. त्यावर सही करणाऱ्यांत मीही आहे.